पारसिकच्या जुन्या दगडखाणीत एक दिवस

नवी मुंबईत पक्षी बघायचे म्हटलं की सगळ्यांचे पाय खाडीकडे वळतात, आणि त्यात काही चूक नाही. ठाणे खाडी २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झाली, २०२२ मध्ये तिला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पण शहराच्या दुसऱ्या अंगाला, तुर्भे-शिरवण्याच्या मागे, पारसिकच्या डोंगरात जुन्या दगडखाणी आहेत. तिकडे दुर्बीण घेऊन फारसं कुणी जात नाही. जानेवारीतला एक रविवार आम्ही तिथेच काढला. सोबत शेजारचे काका होते. खाणवाल्याची परवानगी त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती.

तुर्भे स्टेशनवरून रिक्षा शेवटच्या वस्तीपर्यंत जाते. पुढे डंपरचा जुना रस्ता, पायाखाली खडी. चढ संपला की एकदम समोर काळा कडा उभा राहतो. साधारण ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा बेसॉल्ट. सिडकोचं शहर उभं राहताना याच डोंगरांतून दगड, खडी गेली. मागे उरलेल्या खड्ड्यात आता पावसाचं पाणी साठतं.

पाण्यात टिबुकल्या होत्या. एक बुडाली की ती कुठे वर येईल यावर काकांचा अंदाज दर वेळी चुकायचा. काठावर वंचक बगळा, एक तुतारी पक्षी सतत शेपटी हलवत, आणि निष्पर्ण झुडपावर खंड्या. हे सगळं शहरातल्या तलावावरही दिसतं. खाणीची खरी श्रीमंती कड्यात आहे.

सुरुंगांनी फोडलेल्या त्या उभ्या भिंतीला आडव्या कपारी पडल्यात. कपारीच्या छताला पाकोळ्यांनी चिखलाचे अर्धे वाडगे चिकटवलेले. मातकट रंगाच्या या पाकोळ्या कड्यालगत इतक्या जवळून वळत होत्या की पंख दगडाला लागतील असं वाटे. नऊच्या सुमारास वरच्या टोकावर निळा कस्तूर येऊन ताठ बसला. सावलीत काळा भासणारा हा पक्षी ऊन पडताच निळा झाला. उत्तरेकडून हिवाळ्यापुरता येतो आणि त्याला हवा असतो तो असाच उघडा खडक. खाडीच्या सपाट चिखलात त्याचं काही काम नाही.

दुपार तापली तशी पक्ष्यांची हालचाल थंडावली. आम्ही चतुर आणि टाचण्या हे पाण्याकाठचे कीटक बघत बसलो. मग शेळ्या घेऊन एक आजोबा आले. ‘‘ताई, घुबड बघायला आलात काय? त्या कपारीत असतं बघा, दिवस मावळला की बोलतं.’’ त्यांनी काठीने दाखवलेल्या जागेखाली दगडावर पांढरे ओघळ होते, आणि पायथ्याशी एक करडी गोळी पडली होती. घुबड न पचलेलं असं ओकून टाकतं. काडीने उकलली तर आत केसांचा लगदा, बारीक बरगड्या आणि उंदराचा जबडा. पुढचा दात अजून नारिंगी. एका गोळीत एवढा हिशोब! शहराच्या उंदरांवर जगणारा एवढा मोठा पक्षी आपल्या इमारतींपासून हाकेच्या अंतरावर आहे, याचं मला फार अप्रूप वाटलं.

म्हणूनच परतीच्या वाटेवर खाणीच्या तोंडाशी ओतलेला राडारोडा बघून जीव तुटला. बंद खाण म्हणजे भरून टाकायचा खड्डा, असं आपण धरूनच चालतो. कडा बुजला तर पाकोळ्या, कस्तूर, घुबड यांना या शहरात दुसरा कडा कुठला देणार?

घुबड दिसलं. शृंगी घुबडच, कानावरची शिंगं स्पष्ट. सूर्य बुडाल्यावर कपारीच्या तोंडाशी आलं आणि दोनदा घुमलं. विणीचा हंगाम असल्याने आम्ही लांबूनच पाहिलं, विजेरी लावली नाही.

जायचं असेल तर परवानगी काढूनच जा, एकट्याने नको, आणि पाण्यात उतरू नका; खाणीचं पाणी काठापासूनच खोल असतं. बाकीच्या पक्ष्यांच्या नोंदी मी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्या आहेत. घुबडाची जागा मात्र टाकलेली नाही, आणि विचारलीत तरी सांगणार नाही.