साडेसहाचा ताप

रोज संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास हुडहुडी भरायची, ताप १०३ वर जायचा आणि पहाटे बनियन घामानं भिजवून उतरायचा. सकाळी ओपीडीत गेलो की थर्मामीटर ९८ दाखवणार. डॉक्टर माझ्याकडे बघायचे, मी भिंतीवरच्या चार्टकडे.

सुरुवात घसादुखीनं झाली, म्हणून आधी अँटिबायोटिक. मग डेंग्यू, मलेरिया, विडाल. विडाल 'जरा पॉझिटिव्ह' आली म्हणून टायफॉइडची इंजेक्शनं. (आपल्याकडे ती जरा पॉझिटिव्ह बऱ्याचदा येतेच, हे नंतर कळलं.) तिसऱ्या आठवड्यात मनगटं इतकी धरली की डब्याचं झाकणही बायको उघडून देई. शेवटी दाखल झालो. ब्लड कल्चर, टीबी, इको, पेट स्कॅन, बोन मॅरो. सुई कमरेच्या हाडात शिरते तेव्हा फारसं दुखत नाही, हाडातला मगज ओढतात तेव्हा मात्र पायापर्यंत कळ जाते. सगळं नॉर्मल. पांढऱ्या पेशी तेवढ्या वाढून १९ हजार. "चांगलंच आहे की," नातेवाईक म्हणाले. मला ती शिवी वाटली.

ताप चढला की मांड्यांवर, दंडांवर गुलाबीसर पुरळ उठायचं. खाज नाही, सकाळी मागमूस नाही. राउंडला सांगून कोण ऐकणार? एका रात्री ११ वाजता बायकोनं मोबाइलवर फोटो काढून ठेवला. संधिवाताच्या डॉक्टर मॅडमनी तो बोटांनी मोठा करून पाहिला, "घसा नक्की कधीपासून?" विचारलं आणि फेरिटिन, म्हणजे शरीरात लोह साठवणाऱ्या प्रथिनाची रक्ततपासणी, लिहून दिलं. एरवी पुरुषाचं तीन-चारशेच्या आत असतं. माझं ११ हजार.

अडल्ट ऑनसेट स्टिल्स डिसीज, मोठेपणी होणारा एक दुर्मिळ दाहाचा आजार. या आजारावर शिक्का मारणारी एकच अशी तपासणी नाही, मॅडमनी सांगितलं. १९९२ चे यामागुची निकष लावतात. ताप, सांधे, पुरळ, वाढलेल्या पांढऱ्या पेशी हे मुख्य. घसा, सुजलेल्या लिम्फच्या गाठी किंवा वाढलेली प्लीहा, बिघडलेलं लिव्हर, आरए फॅक्टर आणि एएनए या संधिवाताच्या रक्ततपासण्या दोन्ही निगेटिव्ह हे दुय्यम. एकूण पाच जुळायला हवेत, त्यात दोन तरी मुख्य. आणि त्याआधी जंतुसंसर्ग, कॅन्सर, इतर संधिवात बाद व्हायला हवेत. म्हणजे तो मगज अगदीच फुकट गेला नव्हता.

स्टेरॉइड सुरू झालं त्याच्या तिसऱ्या संध्याकाळी साडेसहा वाजले, सात वाजले. बायको थर्मामीटर हातात धरून बसलेली. मी तिला म्हटलं, चहा टाक.