लिलाव पाहाचा हाय

सीताबर्डीतल्या आमच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात कोकण मागणारी गिऱ्हाइकं ठरलेली: नवं जोडपं, नाहीतर भिशीचं मंडळ. त्या दिवशी आले ते भंडाऱ्याकडच्या एका मच्छीमार सोसायटीचे ढिवर. हर्णैला जायचं म्हणाले. मी नेहमीचा कागद पुढे केला: कर्द्याचा किनारा, डॉल्फिन, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, सुवर्णदुर्ग.

म्होरक्या काकांनी डॉल्फिनवर बोट ठेवलं. "हे काढा जी. आमाले लिलाव पाहाचा हाय."

हर्णैचा लिलाव मी पाहिलेला. बोटी जरा आत नांगर टाकतात, मासळी होड्यांतून, बैलगाड्यांतून किनाऱ्यावर येते आणि वाळूतच ढीग मांडून बोली सुरू होते. एवढं सांगितलं, तर प्रश्नांची सरबत्ती. बर्फ कुठला? आडत कोण घेतो? माझी गाडी तिथेच अडली. शेवटी हर्णैच्या घरगुती लॉजवाल्यांना फोन लावला, त्यांनी शेजारच्या बोटमालकाला बोलावलं आणि मी स्पीकर चालू करून बाजूला झालो.

"समुद्राचा ठेका कोणाकडं हाय?" काकांचा पहिला प्रश्न.

पलीकडे हसू. "समुद्राला कसला ठेका? बोटीचा परवाना लागतो."

काकांना ते पटेना. इकडे तलाव सोसायटीला ठेक्यानं मिळतो. पाणी आटो की भरो, पैसे भरायचेच. मग त्या मालकानं बंदी सांगितली, १ जून ते ३१ जुलै, आणि डिझेलचा खर्च. सुरमई-पापलेटचं ऐकून इकडून रोहू-कटल्याचे भाव गेले. चहा दोनदा आला. डॉल्फिन पाहणाऱ्यांनी माझ्या टेबलावर इतकं खोलात कधी विचारलेलं नाही, हे सांगायलाच हवं.

तरुण पोरगा मात्र सुवर्णदुर्गावर अडून बसला. पाण्यातला किल्ला, आंग्र्यांचं आरमार, १७५५ साली इंग्रजांनी घेतला, हे सगळं त्याला पाठ. किल्ला सकाळी, लिलाव संध्याकाळी, अशी तडजोड झाली.

जायचं शिंगाड्याचा हंगाम उरकल्यावर, फेब्रुवारीच्या अखेरीस. खेडपर्यंत रेल्वे, पुढे दापोलीवरून गाडी. वेळासला त्या सुमारास कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात म्हटल्यावर तेही यादीत घालायला लावलं. गणपती राहिला, डॉल्फिन गेले. बिल नव्यानं काढलं, तर काकांनी त्यातही घासाघीस केलीच. माणशी शंभर रुपये सोडावे लागले.