कोपीवरची बाळंतीण

मंगळवार, रात्र

गळीत हंगाम लागला की आमचा लेबर रूम रात्री-बेरात्री जागा असतो. बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या इकडच्या साखर कारखान्यांना येतात. बायका आठव्या-नवव्या महिन्यातही डोक्यावर मोळ्या वाहतात आणि कळा सुरू झाल्या की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आमच्या दारात उतरतात.

आजची तशीच आली. बाळ चांगलं रडलं, वार पूर्ण पडली, पण रक्त थांबेना. गर्भपिशवी आवळणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलेलं होतंच. डॉक्टर मॅडम पुढचं बघत होत्या, मी पोटावर हात ठेवून पिशवी चोळत राहिले. सुरुवातीला हाताला सैल कणकेसारखी लागत होती. मग हळूहळू आवळत गेली, बेंबीखाली घट्ट गोळा लागला आणि रक्त ओसरलं. मुळात हिमोग्लोबिन सात. तिला एवढंही रक्त घालवणं परवडणारं नव्हतं.

सायंप्रार्थना चुकली. नंतर चॅपेलमध्ये एकटीच बसले, तेव्हा स्कॉटलंडच्या डॉ. अ‍ॅग्नेस मॅक्लारेन आठवल्या. एकेकाळी माझ्यासारख्या व्रतस्थ सिस्टरनं बाळंतपण करायचं नाही, असा चर्चचा दंडक होता. इकडे भारतात पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला जवळ येऊ देत नव्हत्या आणि उपचाराविना मरत होत्या. मॅक्लारेनबाई रोमकडे दाद मागत राहिल्या आणि १९१३ साली वारल्या. त्यांच्याच प्रेरणेनं डॉक्टर होऊन रावळपिंडीला आलेल्या अ‍ॅना डेंगेल यांनी १९२५ मध्ये मेडिकल मिशन सिस्टर्सचा संघ काढला. गुंटूरच्या सिस्टर डॉ. मेरी ग्लोरी यांना तर डॉक्टरकी करायला पोपची खास परवानगी काढावी लागली. सगळ्या सिस्टरांसाठी वाट मोकळी झाली ती फेब्रुवारी १९३६ मध्ये, रोमनं तो दंडक उठवला तेव्हा. आज माझे हात त्या पोटावर होते ते या बायांमुळे. त्यांच्यासाठी मी रोज प्रार्थना करते.

पण आता दुसराच दंडक आडवा येतो. बाळाला पुसून आईजवळ दिलं नाही तोच सासू म्हणाली, "शिस्टरबाई, उद्या सोडा. मुकादम खाडा धरतोय."

उचल, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेले पैसे, आधीच खर्चून बसलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता. ती पडून राहिली की अर्धा कोयता बंद, आणि खाडा, म्हणजे कामावर न आलेल्या दिवसांचा दंड, उचलीवर चढायचा. ओल्या बाळंतिणीचे दिवस खाड्यात मोजणं हा मला उघड अन्याय वाटतो. बाळंतपणानंतर अठ्ठेचाळीस तास दवाखान्यात ठेवा, हे सरकारही सांगतं. उसाच्या फडात ते कुणी ऐकत नाही.

मी मुकादमाला बोलावून घेतलं. रक्त कसं गेलं ते काही आडपडदा न ठेवता सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "गुरुवारपर्यंत ऱ्हाऊ द्या. फुडचं बघू."

पुढचंही मी बघणार आहे. शनिवारी लोहाच्या गोळ्या घेऊन कोप्यांवर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवर, जायचं ठरवलंय. तिथे अजून दोघींचे दिवस भरत आलेत, हे सासूनंच सांगितलं.