आमची वाटचाल : ‘कोचिंग म्हणजे क्लासच ना?’

शाळा चालवण्याच्या कामात मुख्याध्यापकांना साथ द्यायची, हे काम साताऱ्यात सुरू केलं तेव्हा पहिल्याच मुख्याध्यापकांनी विचारलं, “कोचिंग म्हणजे दहावीचा क्लास ना?” बायको म्हणाली, “मुलांचं नाही सर, तुमचं.” सर दुखावलेच. तीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला आम्ही दोघं काय शिकवणार? तो शब्द आम्ही पाटीवरून काढला तो काढलाच.

पहिलं वर्ष चुकांत गेलं. एका संस्थेच्या हॉलमध्ये दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. प्रोजेक्टर, नेतृत्वाचे प्रकार, जेवणात जिलेबी. अभिप्रायाच्या कागदावर सगळ्यांचं ‘उत्तम’. दोन महिन्यांनी त्याच शाळांत चक्कर मारली, तर काही म्हणजे काही हललं नव्हतं. संस्थेनं बिल सात महिने अडवलं. खरं सांगायचं तर फार रागही आला नाही.

मग हॉल सोडला आणि शाळेत जाऊन बसायला लागलो. पहिली शाळा जिल्हा परिषदेची, दोनशिक्षकी. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषात पाचवीपर्यंतच्या शाळेला मुख्याध्यापकाचं पद मिळतं ते पट १५० च्या वर असेल तर. इतर ठिकाणी सेवाज्येष्ठ शिक्षकाकडे पदभार. इथे पदभार असलेल्या बाई तिसरी-चौथी शिकवत होत्या, आणि तांदळाचा हिशेब, यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, व्हॉट्सॲपवरचं ‘दुपारपर्यंत माहिती पाठवा’ हेही त्यांच्याच गळ्यात. मी मागच्या बाकावर वही घेऊन बसलो. मधल्या सुट्टीपर्यंत बाई अकरा वेळा वर्गातून उठल्या. प्रत्येक वेळी एक रेघ, पुढे कारण.

शाळा सुटल्यावर वही त्यांच्यापुढे ठेवली आणि गप्प राहिलो. आमच्या धंद्यात हेच सगळ्यात अवघड. जीभ सारखी सल्ला द्यायला वळवळते. बाईंनी बोटानं एकेक रेघ मोजली. म्हणाल्या, “यातली पाच कामं आमचे दुसरे सर करतील. मी त्यांना कधी विचारलंच नाही.” पुढच्या सोमवारी पोषण आहाराची नोंदवही सरांकडे गेली. परिपाठानंतरच्या तासाला बाईंचा फोन कपाटात.

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं. दीड-दोन वर्षं घर बायकोच्या शिकवण्यांवर चाललं. म्हणजे शेवटी क्लासच!

नव्यानं उभं राहताना शाळांच्या जोड्या लावल्या. २०२० च्या शैक्षणिक धोरणात शाळा संकुलांची, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटांची कल्पना आहे, मुख्याध्यापकांनी वर्षाला किमान ५० तास स्वतः शिकावं असंही आहे. आम्ही एवढंच केलं की शहरातल्या एका विनाअनुदानित इंग्रजी शाळेच्या प्राचार्यांना गाडीत घालून बाईंच्या शाळेत नेलं. त्या देणगीच्या तयारीनं आल्या होत्या. जुने संगणक वगैरे. त्या दिवशी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक होती. या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. एक आई उठून विचारत होती, “माझ्या पोराला हातच्याची वजाबाकी अजून का येईना?” बाईंनी सबब सांगितली नाही, त्याचीच वही मागवली. परतताना प्राचार्या म्हणाल्या, “माझ्याकडे पालक फक्त फीची तक्रार घेऊन येतात.”

आता त्या दोघी महिन्यातून एकदा परस्परच भेटतात. आम्हाला बोलवत नाहीत. बिल कुणाच्या नावे करायचं, यावर घरात अजून वाद चालू आहे.