वाणिज्य पदवीनंतर आयटीची मुळाक्षरे गिरवताना

वाणिज्य शाखेची पदवी घेऊन सोलापुरातल्या एका कर सल्लागाराकडे नोंदी करण्याचे काम करत असताना माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात शिरावे असे माझ्या मनाने घेतले, तेव्हा दहावीनंतर केलेला एमएस-सीआयटी आणि टॅलीचा सराव एवढीच शिदोरी माझ्यापाशी होती. एमकेसीएलच्या त्या अभ्यासक्रमामुळे माझ्यासारख्या असंख्य मुलांच्या हातात पहिल्यांदा माउस आला हे खरे. पण तो संगणक वापरायला शिकवतो, आणि दुसऱ्याचा संगणक बंद पडला तर कोठून सुरुवात करायची हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा आहे. पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या आतेभावाने मात्र नेमके तेच शिकायला सांगितले होते. "कोडिंगच्या मागं लागण्याआधी डेस्कटॉप सपोर्टचं बघ. बी.कॉम. झालेलं चालतं तिथं, पण मुलाखतीत बेसिकवरच घाम काढतात."

हे 'बेसिक' शिकवणाऱ्या क्लासेसच्या जाहिरातींना तोटा नव्हता. एका क्लासमध्ये मी अभ्यासक्रमाचा कागद मागितला तेव्हा माझ्यापुढे हप्त्यांचे कोष्टक ठेवण्यात आले आणि 'शंभर टक्के नोकरीची हमी' हे शब्द बोट ठेवून दाखवण्यात आले. मी तेथून नमस्कार करून निघालो. पुढे आतेभावाच्याच सल्ल्याने कॉम्पटिया ए प्लस या परीक्षेचा अधिकृत अभ्यासक्रम उतरवून घेतला. परीक्षेचे शुल्क डॉलरमध्ये असल्याने ते तेव्हा आवाक्याबाहेर होते, पण अभ्यासक्रम फुकट मिळतो, आणि एका नवख्या तंत्रज्ञाला काय काय ठाऊक असायला हवे याची इतकी शिस्तशीर यादी मला दुसरीकडे कोठे आढळली नाही. हार्डवेअर, नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिम, सुरक्षा आणि दोष शोधण्याची पद्धत असे त्याचे भाग मी वहीत उतरवले आणि संध्याकाळचे तास त्यासाठी राखून ठेवले.

नुसते वाचून हा विषय डोक्यात राहत नाही, हे पहिल्या आठवड्यातच कळून चुकले. म्हणून एक जुना आय-थ्री डेस्कटॉप विकत घेतला आणि स्वतःसाठी एक नियम घातला: जो भाग वाचला तो आधी नीट चालवून पाहायचा, मग त्यातली एकच गोष्ट मुद्दाम बिघडवायची आणि पडद्यावर काय दिसते ते लिहून ठेवायचे. रॅम काढून यंत्र सुरू केले की मदरबोर्ड बीप देतो आणि पडदा काळाच राहतो. रॅमचे सोनेरी दात खोडरबराने पुसून ती पुन्हा बसवली की सगळे सुरळीत होते. आपल्याकडच्या दुरुस्तीच्या दुकानांतली ही खोडरबराची विद्या पाठ्यपुस्तकात नसते, पण ती लागू पडते. डीडीआर-थ्री रॅम डीडीआर-फोरच्या खाचेत का बसत नाही, एमबीआर या जुन्या पद्धतीने विभागलेल्या डिस्कवर २ टीबीच्या पुढची जागा का वापरता येत नाही, चार जीबीपेक्षा मोठी फाइल एफएटी-३२ पेनड्राइव्ह का स्वीकारत नाही, ही कारणे अशीच एकेक करून हाताखालून गेली.

खरा कस लागला तो नेटवर्कमध्ये. सुरुवात केबलपासून केली. क्रिंपिंग टूल, आरजे-४५ कनेक्टर आणि कॅट-सिक्सची केबल घेऊन टी-५६८-बी क्रमाने तारा लावायला बसलो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तारा सरळ करून, एका रेषेत कापून, कनेक्टरच्या टोकापर्यंत पोहोचल्या आहेत का हे उजेडात धरून पाहणे, आणि बाहेरचे आवरण कनेक्टरच्या आत दबले आहे याची खात्री करणे, यातच सारे कसब आहे. मग नियमाप्रमाणे सातवी तार मुद्दाम कापून तीच केबल जोडली. दिवा लागला, फाइलही गेली, पण वेग १ गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर येऊन थांबला, कारण १०० मेगाबिटला पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी अशा चारच तारा लागतात, तर गिगाबिटला आठही लागतात. 'नेट चालतंय पण स्लो आहे' या तक्रारीमागे कधी कधी भिंतीतली एक तुटकी तार असू शकते, हे त्या दिवसापासून पक्के झाले.

आयपी पत्ता म्हणजे नेटवर्कवरच्या संगणकाचा आकड्यांतला पत्ता; हा भाग बहुतेकांना जड जातो. आकडेमोडीची सवय असल्यामुळे मला तो उलट आवडला. पत्त्यांचे गट कसे पडतात हे ठरवणारा आकडा म्हणजे सबनेट मास्क. २५५.२५५.२५५.१९२ हा मास्क घेतला की २५६ मधून १९२ वजा करायचे, ६४ उरतात. म्हणजे चौसष्ट-चौसष्ट पत्त्यांचे गट पडतात आणि प्रत्येक गटातला पहिला पत्ता नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणजे सर्वांना एकदम निरोप पाठवण्याचा, असल्याने संगणकांसाठी ६२ राहतात. त्यामुळे १९२.१६८.१.६० आणि १९२.१६८.१.७० हे दोन पत्ते दिसायला शेजारी असले, तरी हा मास्क असेल तर ते वेगवेगळ्या नेटवर्कांत पडतात आणि मध्ये राउटर असल्याशिवाय एकमेकांशी बोलू शकत नाहीत. हे मी दोन संगणकांवर करून पाहिले, आणि मास्क २५५.२५५.२५५.० केल्याबरोबर पिंगला, म्हणजे 'आहेस का' असे विचारणाऱ्या चाचणीला, उत्तर आले. नेटवर्कचे काम थरांत मांडणाऱ्या ओएसआय नमुन्याचे सात थर घोकून पाठ करणारी मुले पुष्कळ भेटली; थर पाठ असणे आणि बिघाड कोणत्या थरात आहे हे ओळखणे यांत मोठे अंतर आहे, असे माझे मत आहे.

राउटरमधला डीएचसीपी, म्हणजे आपोआप पत्ते वाटणारी सोय, बंद केला की संगणक १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच स्वतःला देतो. पडद्यावर हा आकडा दिसला की संगणकाने पत्ता मागितला पण देणारा भेटला नाही, एवढे एका नजरेत समजते. डीएनएसचा पत्ता चुकीचा भरला, तर ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला पिंग जातो पण कोणत्याही संकेतस्थळाचे नाव टाकले की ते उघडत नाही. म्हणजे रस्ता शाबूत आहे, फक्त नावावरून पत्ता सांगणारा गप्प आहे. गेटवे, म्हणजे बाहेर जाण्याच्या वाटेचा पत्ता, काढून टाकला तर शेजारचा संगणक आणि प्रिंटर चालतात, बाहेरचे जग तेवढे बंद होते. अशी लक्षणे मी वहीच्या डाव्या पानावर आणि कारणे उजव्या पानावर लिहीत गेलो, आणि महिन्याभराने उजवे पान झाकून स्वतःचीच परीक्षा घेऊ लागलो.

रॅम आठ जीबी केल्यानंतर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकातच दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची चाचणी आवृत्ती टाकली आणि अॅक्टिव्ह डिरेक्टरी उभी केली. कंपन्यांमध्ये लॉगिन, पासवर्ड, प्रिंटरचे अधिकार हे सारे बहुधा याच ठिकाणाहून चालत असल्याने हा भाग नवख्याने अजिबात टाळू नये. काल्पनिक कर्मचाऱ्यांची खाती तयार करणे, कुलूपबंद झालेले खाते उघडणे, ग्रुप पॉलिसी, म्हणजे अनेक संगणकांना एकत्र लागू होणारे नियम, लावून ती लागू झाली का पाहणे, हे सारे करून झाले; पण सर्वांत जास्त शिकवले ते एका साध्या प्रयोगाने. क्लायंट संगणकाचा डीएनएस माझ्या विंडोज सर्व्हरऐवजी घरच्या राउटरकडे वळवला आणि त्या संगणकाला डोमेनमध्ये, म्हणजे त्या सर्व्हरच्या ताब्यातल्या गटात, घालण्याचा प्रयत्न केला. सर्व्हरला पिंग जात होता, केबल ठीक होती, इंटरनेटही चालत होते, तरी डोमेन सापडत नाही असा संदेश येत राहिला, कारण डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेन सांभाळणारा सर्व्हर, कोठे आहे याची नोंद त्या डोमेनच्या डीएनएसमध्येच असते आणि राउटरला तिचा पत्ताच नसतो. लिनक्सला मी तुलनेने कमी वेळ दिला. फाइलींचे अधिकार, दुरून लॉगिन करण्याचे एसएसएच आणि लॉग वाचणे एवढे त्या घडीला पुरेसे होते.

मुलाखत पुण्यात खराडीला झाली. समोरच्या बाईंनी बायोडेटा बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारला: "युजरचा फोन आलाय, इंटरनेट चालत नाही म्हणतो. तुम्ही काय कराल?" मी उत्तर सुरू करण्याऐवजी आधी विचारले की, ही अडचण त्या युजरच्या एकट्याचीच आहे की आजूबाजूच्यांचीही, आणि ती केव्हापासून आहे. त्यानंतर केबल आणि दिवे, आयपी पत्ता, गेटवेला पिंग, बाहेरच्या पत्त्याला पिंग आणि शेवटी नावावरून पत्ता मिळतो का ते पाहणारी एनएसलुकअप आज्ञा असा क्रम सांगत गेलो. मध्येच त्यांनी पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो असे सांगितले, आणि डाव्या पानाचे उजवे पान मला समोर दिसू लागले. त्यांनी सबनेटचा प्रश्नही विचारला. बायनरी न मांडता वजाबाकीने उत्तर दिल्यावर त्यांना थोडी गंमत वाटलेली दिसली. बाकी एक्सेल, इंग्रजीत ईमेल लिहिणे, पाळ्यांची तयारी यांवर चार-दोन प्रश्न झाले. इंग्रजी बोलताना अडखळत होतो, परंतु तांत्रिक शब्द तोंडात बसलेले असल्याने वाक्ये लहान ठेवून निभावले.

एल-वन, म्हणजे पहिल्या पायरीच्या, सपोर्टच्या पहिल्या नोकरीचा पगार, घरभाडे वजा जाता, सोलापुरातल्या मिळकतीपेक्षा फारसा जास्त नव्हता, हे फ्रेशरने आधीच हिशेबात धरावे. कामाचा मोठा वाटा पासवर्ड, प्रिंटर आणि व्हीपीएन यांतच जातो. मात्र प्रत्येक टिकिट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद करताना लक्षण काय होते, काय तपासले आणि कशाने सुटले हे तीन-चार ओळींत लिहावे लागते, आणि तेथे त्या वहीची सवय थेट उपयोगी पडली. ज्या नोंदी नीट असतात त्यांची टिकिटे पुढच्या पायरीच्या एल-टूकडून परत येत नाहीत. ए प्लसच्या दोन्ही परीक्षा मी नोकरी लागल्यानंतर पगारातून पैसे साठवून दिल्या. सध्या २००-३०१ ही सिस्कोची नेटवर्कवरची सीसीएनए परीक्षा डोळ्यांपुढे ठेवून पॅकेट ट्रेसर या आभासी नेटवर्कच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हीएलएएन (एकाच स्विचवरची वेगवेगळी नेटवर्के) बांधतो आहे, आणि बांधून झाले की ट्रंकवरून, म्हणजे स्विचांमधल्या सामाईक दुव्यावरून, एखादा व्हीएलएएन गुपचूप काढून टाकतो.