लळिंगच्या घाटात उजाडतं कधी?

चैत्रातली सप्तशृंगी गडाची पायी वारी निम्मी अंधारातच होते. देवीचं माहेर खानदेश, अशी आपली श्रद्धा. त्यामुळे रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगीच्या वाटेला माणसांची रीघ असते. ऊन मात्र असं, की दहानंतर डांबरावर पाय ठरत नाही. म्हणून रात्री तीनला उठून चहा घ्यायचा आणि निघायचं. दुपार मंडपात लोळून काढायची, उन्हं कलली की पुन्हा रस्ता धरायचा.

धुळे सोडलं की लळिंगचा घाट. आग्रा रोडवर ट्रकांची वर्दळ रात्रभर असते. आम्ही पांढऱ्या पट्टीच्या आत एकामागे एक चालत होतो. मागून एका मावशींनी विचारलं, "उजाडाले कितला येळ शे रे भाऊ?"

याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. एप्रिलच्या मध्यावर धुळ्याला सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो, पण उजेड सव्वा तास आधीच कामाला लागलेला असतो. पाचच्या आसपास सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर येतो आणि खगोलीय संधिप्रकाश सुरू होतो. चालणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. पूर्वेचे बारीक तारे तेवढे पुसट होतात. साडेपाचच्या जरा आधी सूर्य १२ अंशांवर येतो, आणि लळिंगच्या किल्ल्याची कड आभाळापासून सुटी दिसते. हा नाविक संधिप्रकाश. समुद्रावर या वेळी तारेही दिसतात आणि क्षितिजही, त्यामुळे खलाशांना ताऱ्यांची उंची मोजता येते. पुढे पावणेसहा वाजून गेले की सूर्य ६ अंशांवर येतो आणि नागरी संधिप्रकाश लागतो. आता खडी दिसते, बाभळीचा काटा दिसतो, पुढच्याच्या चपलेचा उसवलेला अंगठाही दिसतो.

मावशींचं माप वेगळं होतं. चालता चालता त्या तळहात डोळ्यांसमोर धरायच्या. "हातन्या रेघा दिसन्यात का उजाडनं समज." मी मोबाइल काढून पाहिला, नागरी संधिप्रकाश नुकताच सुरू झाला होता.

माझ्या मते या रस्त्यावर जपायची वेळ हीच. काळोखात ट्रकच्या दिव्यात आपल्या पाठीवरची चमकती पट्टी लखलखते. भर उजेडात माणूस तसाच दिसतो. मधल्या अर्ध्या तासात दिव्याचा झोत फिका पडतो, रस्ता करडा आणि आपले कपडेही करडे. त्यातच रात्रभर गाडी हाकलेल्या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर झोप असते. आमच्यातली पोरं तांबडं दिसताच पट्ट्या काढून पिकअपमध्ये टाकायची आणि गप्पा मारत चौघं चौघं रुंदीने चालायची. सूर्य पुरता वर येईपर्यंत पट्टी अंगावरच हवी, हे सांगून सांगून घसा बसला.

चंद्राचा हिशेब निराळाच. नवमी-दशमीला तो मध्यरात्रीनंतर मावळतो, मग तीनला निघालं की डोळ्यांत बोट घातलं तरी कळत नाही. पुढे रोज तो पाऊण-एक तास उशिरा मावळत जातो आणि पौर्णिमेला तर उगवत्या सूर्याला पाहूनच पश्चिमेला टेकतो. गड जवळ येतो तसं बॅटरीचं काम कमी होत जातं. चांदण्यात खगोलीय संधिप्रकाश कधी सुरू झाला, हे मात्र कुणाच्या बापाला कळत नाही.

संध्याकाळी हाच क्रम उलटा. आपल्याकडे सूर्य बराच सरळ खाली उतरतो, त्यामुळे अंधारही झपाट्याने होतो. लंडनला जूनमध्ये सूर्य १८ अंशांखाली जातच नाही, म्हणजे खगोलीय रात्र होतच नाही. इथे पावणेसातनंतर सूर्य बुडाला की वीस-बावीस मिनिटांत वाट दिसेनाशी होते. मुक्काम त्याच्या आत गाठायचा.

आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर विसंबू नका. तिच्यातला सूर्योदय बहुधा मुंबईचा असतो. चैत्रात धुळ्याला तो आठ-नऊ मिनिटं आधी होतो.