तीनची होडी

मे महिन्यात मालवणला जाऊ नकोस असं सगळ्यांनी बजावलं होतं, पण ते उकाड्यामुळे. वाऱ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ज्यांच्याकडे उतरलो ते काका तर म्हणाले, "किल्लो काय, खंयच्याय वेळेक जावा." म्हणून सुरमईचं ताट संपवून, एक डुलकी काढून, आई आणि मी तीन वाजता जेटीवर पोचलो.

सिंधुदुर्ग हाकेच्या अंतरावर दिसतो, आणि तिथेच माणूस फसतो. लाटा मोठ्या होत्या म्हणावं तर तसंही नाही, कमरेएवढ्या असतील. पण एकीवरून होडी उतरते न उतरते तोच दुसरी हजर, प्रत्येकीच्या डोक्यावर पांढरा फेस. तिसऱ्या फटक्याला आई पदरासकट भिजली आणि तिने रामरक्षा सुरू केली. मला हसू आलं. चौथा फटका माझ्या मोबाइलवर बसला.

"सकाळी येवक व्हया होता," तांडेल म्हणाला. "आता वारो सुटलो."

खारे वारे आणि मतलई वारे! शाळेत या फरकावर मी पूर्ण मार्क मिळवले होते, पण त्याचा आईच्या लुगड्याशी संबंध येईल असं वाटलं नव्हतं. दुपारी जमीन तापली की इथे वायव्येकडून खारा वारा सुटतो. वारा किती जोराचा, किती तास आणि किती लांबवर पाण्यावरून वाहतो, यावर लाट वाढते. या वाऱ्याला दुपारचे चार-पाच तास आणि किनाऱ्यालगतचं पाणी एवढंच मिळतं, म्हणून त्याची लाट आखूड, उभी, चिडकी. पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा मात्र आफ्रिकेकडून अख्खा अरबी समुद्र ओलांडत, दिवसेंदिवस न थांबता येतो. तेव्हा खोल पाण्यात तीन-चार मीटरच्या लाटा उठतात आणि किल्ल्याच्या होड्या बंद होतात.

किल्ल्याबद्दल काय लिहू? १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर तो बांधायला घेतला, तट भव्य आहे, आणि मी सगळा वेळ परतीच्या होडीची काळजी करत होतो.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला एकटाच जेटीवर गेलो. जमिनीकडून मतलई झुळूक येत होती आणि पाणी तेलासारखं गप. तरीही बांधलेल्या होड्या एकामागून एक संथपणे उचलल्या जात होत्या, खाली बसत होत्या. वारा नसताना? घड्याळ लावून मोजलं, दोन उचलींमध्ये चौदा सेकंद. एकदा पंधरा.

"ती हंयची न्हय," कालचाच तांडेल दोर सोडता सोडता म्हणाला. "लांबसून येता." नंतर वाचलं, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर चालत आपल्या किनाऱ्याला लागतात. उठवणारा वारा केव्हाच मागे राहिलेला असतो.

"येतास? आता गप आसा."

आईला आणायला धावत परत गेलो. ती गॅलरीत बसून लुगड्यावरचं मीठ झटकत होती. "तू जा," म्हणाली, "मला इथून दिसतोय किल्ला."